बेटांची राखण : प्रशांत महासागरापासून गोराई-मनोरीपर्यंत

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथे राहणाऱ्या आमच्या वाचकांस ‘आपण बेटावर राहता’ असे कोणी सांगितले, तर बहुतेकांना ते नवलाचे वाटेल. तरीही ते खरे आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र अशा चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या साष्टी बेटावर मुंबईची उपनगरे वसली आहेत. पूल, रेल्वे आणि भराव यांमुळे या बेटाचे बेटपण डोळ्यांआड झाले आहे. ते संपलेले मात्र नाही.

प्रशांत महासागरातील तुवालू, किरिबाटी, नाऊरू, फिजी, पलाऊ या चिमुकल्या बेटराष्ट्रांविषयी अलीकडे वारंवार वाचावयास मिळते. तेथील प्रश्न दूरचे वाटतात. परंतु गोडे पाणी, मासे, किनारा, जमीन आणि कचरा हे पाच विषय घेऊन पाहिले, तर ते आपल्याच दारातील आहेत असे दिसून येते. याच पाच विषयांची माहिती प्रस्तुत लेखात एकत्र देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

साष्टी आणि धारावी बेट

साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून आले असे मानले जाते. १५३४ च्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ पर्यंत तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. १८४५ मध्ये माहीमचा बांध-रस्ता पूर्ण झाला आणि वांद्रे व माहीम पायवाटेने व गाडीवाटेने जोडले गेले. त्यानंतर आलेल्या रेल्वेने साष्टीच्या गावांचे हळूहळू उपनगरांत रूपांतर केले. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० साली अस्तित्वात आला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके होत.

साष्टीच्या वायव्य कोपऱ्यात, मनोरी खाडीच्या पलीकडे, आणखी एक लहानसा भूभाग आहे. त्याला धारावी बेट म्हणतात. शहरातील धारावी वस्तीशी याचा संबंध नाही. मनोरी, कुळवे व गोराई ही त्यावरील गावे मुंबई उपनगर जिल्ह्यात, तर उत्तन, डोंगरी, पाली, चौक व तारोडी ही गावे ठाणे जिल्ह्यात येतात. बोरिवलीहून गोराईला आणि मालाडच्या मार्वेहून मनोरीला आजही लोक तरीने जातात. रस्त्याने जायचे तर भाईंदरला मोठा वळसा घालावा लागतो. येथे कोळी आहेत, शेतकरी आहेत, ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे आहेत. गोराईचे होली मॅजाय चर्च आणि उत्तनचे समुद्रमातेचे चर्च ही या वस्तीच्या जुनेपणाची साक्ष होत. मोठ्या शहराच्या हद्दीत असूनही बेटाचे जीवन जगणारा हा प्रदेश आमच्या विषयाचा सर्वांत जवळचा नमुना आहे.

गोडे पाणी

बेटावरील पहिली संपत्ती गोडे पाणी होय. पावसाचे पाणी वाळूत किंवा मुरमाड जमिनीत झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. या थराचा आकार भिंगासारखा, म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ असतो. समुद्रसपाटीच्या वर जर एक मीटर गोडे पाणी साठले असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत त्याचा थर असू शकतो, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. हाच नियम उलटही लागू पडतो. उपशामुळे वरची पातळी एक मीटरने घटली, की खालचे खारे पाणी कालांतराने कितीतरी मीटर वर सरकते. विहीर एकाएकी आटत नाही, ती हळूहळू मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे जावे लागतात.

किरिबाटीची राजधानी असलेल्या दक्षिण तारावासाठी बोनरिकी आणि बुओटा या दोन जागी असे गोड्या पाण्याचे साठे आहेत आणि त्यांवरील जमीन पाण्यासाठी राखून ठेवलेली आहे. दाट लोकवस्तीमुळे त्या राखीव जागांवर वस्तीचे आक्रमण होण्याचे भय सतत असते.

आपल्याकडील पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांत शंभराहून अधिक गुंफा आहेत आणि त्यांच्या शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरउतारावरील पावसाचे पाणी पन्हाळीवाटे या पोढींत उतरविले जाई. दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली ही योजना इतकी विचारपूर्वक आहे की, अनेक टाक्यांत आजही पाणी साठते. वसईतील बावखले हे त्याच शहाणपणाचे दुसरे रूप होय.

इंग्रजी अमलात वाढत्या मुंबईची तहान भागविण्यासाठी साष्टीच्याच डोंगरात विहार तलाव बांधला गेला व तो १८६० मध्ये पूर्ण झाला. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. पुढे पवई तलावही बांधण्यात आला, परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. त्यानंतर शहराने बेटाबाहेर हात पसरले. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ पासून मध्य वैतरणा. आज महापालिकेला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यात विहार व तुळशी या बेटावरील दोन तलावांचा वाटा जेमतेम अडीच टक्के आहे. बाकीचे सारे पाणी ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील डोंगराळ भागातून येते. ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात हे मोठे जलाशय आहेत, तेथील आदिवासी पाड्यांतील भगिनी उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करतात. आपल्या नळाला येणारे पाणी कोणाच्या दारावरून येते याचा विसर पडू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख आम्ही केला आहे.

गोराई-मनोरीतील लोकांचा अनुभव याहून वेगळा नाही. शहराच्या हद्दीत राहूनही त्यांची भिस्त दीर्घकाळ विहिरींवर राहिली. उपनगरांत इतरत्र टँकरच्या पाण्याचा मोठा व्यवहार चालतो आणि त्यातील पुष्कळसे पाणी विहिरी व कूपनलिकांतून उपसलेले असते. एप्रिल २०२५ मध्ये भूजल-उपशाच्या नियमांवरून टँकरचालकांनी संप पुकारला, तेव्हा अनेक गृहसंकुलांना आपण या अदृश्य साठ्यावर किती अवलंबून आहोत याची जाणीव झाली. मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, प्रारंभी दररोज २० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प महापालिकेने आखला. असा प्रकल्प उपयोगी पडू शकतो. परंतु त्यास वीज भरपूर लागते आणि उरलेले अतिखारे पाणी पुन्हा समुद्रातच सोडावे लागते. ते कोठे व कसे सोडले जाते यावर जवळच्या मासेमारीचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून पावसाचे पाणी जिरविणे हा पहिला उपाय आणि यंत्र हा शेवटचा, हा क्रम बेटाने सोडता कामा नये.

खारफुटी : बेटाची तटबंदी

दुसरी संपत्ती म्हणजे किनारा आणि त्यावरील खारफुटी. तिवर, कांदळ, चिपी अशी तिची झाडे आपल्या खाड्यांच्या काठी आढळतात. त्यांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि कोळंबी, खेकडे व अनेक माशांच्या पिलांना आसरा देतात. पांढरी चिपी हिला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य-कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यात ३२४ चौरस किलोमीटर खारफुटी आहे. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहराच्या कडेला तिचा एवढा मोठा पट्टा टिकून राहावा ही गोष्ट विरळा होय.

तो आपोआप टिकलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरात शेकडो जणांचे प्राण गेले. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी किती अरुंद झाली आहे आणि तिच्या काठची खारफुटी व पाणथळ जागा कशा बुजल्या आहेत, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जीवनाच्या मूलभूत अधिकाराला बाधक ठरविला आणि तिच्याभोवती पन्नास मीटरचा संरक्षक पट्टा राखण्यास सांगितले. सार्वजनिक हिताच्या कामासाठी ती तोडणे अटळ असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

पूर्वेकडे मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर यांच्या बाजूने ठाण्याची खाडी आहे. तिच्या उत्तर भागातील सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत झाला. पश्चिमेकडे मात्र चिंता वाढली आहे. वर्सोवा ते भाईंदर या नियोजित किनारी मार्गाच्या आखणीत खारफुटीचा मोठा पट्टा बाधित होतो. रस्त्याची गरज आम्ही नाकारत नाही. परंतु एका ठिकाणचे जुने कांदळवन तोडून दूरच्या जिल्ह्यात रोपे लावली, तर झाडांचा हिशेब जुळतो. जेथील तटबंदी गेली तेथील वस्तीचे रक्षण त्याने होत नाही. हा फरक निर्णय घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा.

मासे आणि मासेमारीची बंदी

तिसरी संपत्ती मासे. वेसावे, मढ, मनोरी, गोराई, उत्तन या कोळीवाड्यांचे जीवन डोल जाळ्यावर उभे आहे. हे जाळे पिशवीसारखे असते. ते एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा, मांदेली त्यात शिरतात. बोंबील वलांडीवर वाळत घालणाऱ्या कोळणी या किनाऱ्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहेत.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व अनेक माशांचा तो प्रजननाचा काळ असतो. म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची कोळ्यांची जुनी रीत आहे. तिलाच पुढे कायद्याचे रूप मिळाले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा असून यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस मनाई केली. २०२३ मध्ये पापलेट, म्हणजेच सरंगा, हा राज्यमासा ठरला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी निश्चित करण्यात आली. नियम आहेत, परंतु त्यांची अंमलबजावणी खोल समुद्रात अवघड होते आणि बंदी मोडणाऱ्या मोठ्या नौकांचा फटका ती पाळणाऱ्या लहान कोळ्याला बसतो.

प्रशांत महासागरातील बेटांचा अनुभव येथे बोधप्रद आहे. फिजीमध्ये किनाऱ्याचा एखादा भाग ठराविक काळ वर्ज्य करण्याच्या प्रथेला ‘ताबू’ म्हणतात, पलाऊमध्ये ‘बुल’, तर कुक बेटांवर ‘राउई’. फिजीतील उकुनिवानुआ या गावाने शिंपले कमी होत चालल्याचे पाहून १९९७ मध्ये आपल्या किनाऱ्यावरील २४ हेक्टर जागा तीन वर्षांसाठी बंद ठेवली. शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना मोजणी शिकविली. गावकऱ्यांनीच मोजले व गावकऱ्यांनीच राखले. शिंपल्यांची संख्या अनेक पटींनी वाढली, बंद जागेच्या बाहेरही ते वाढले, आणि शेकडो गावांनी तोच मार्ग धरला. पलाऊने २०१५ मध्ये कायदा करून आपल्या सागरी क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग मासेमारीसाठी बंद केला व तो २०२० पासून अमलात आणला. जेथे राखण करणाऱ्या समाजाला त्या राखणीचे फळ मिळण्याची शाश्वती असते, तेथे नियम पाळले जातात, हे या उदाहरणांतून स्पष्ट होते.

जमीन, मिठागरे आणि कचरा

बेटावर जमीन मोजकीच असते. नाऊरू हे अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे राष्ट्र. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून तेथील फॉस्फेट खणून परदेशी नेण्यात आले. काही काळ लोकांच्या हाती पुष्कळ पैसा आला. खनिज सरले तेव्हा बेटाचा सुमारे ८० टक्के भाग ओसाड खडकांचा झाला होता. संपत्ती विकून टाकली म्हणजे उत्पन्न मिळते, पण राहण्याची जागा उरत नाही, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

धारावी बेटावर हा मोह वेगळ्या रूपाने येत राहिला. १९८९ मध्ये गोराईला मनोरंजन नगरी सुरू झाली, २००९ मध्ये विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. २००० नंतरच्या दशकात गोराई-मनोरी-उत्तन परिसरात विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. शेतकरी, कोळी व ख्रिस्ती ग्रामस्थांनी एकत्र येऊन त्यास जोरदार विरोध केला आणि ते क्षेत्र उभे राहिले नाही. आपला विरोध विकासाला नसून आपल्याला न विचारता आखलेल्या विकासाला आहे, हा त्या लढ्याचा गाभा होता. मात्र कुटुंबाकुटुंबांतून होणारी जमिनीची विक्री कोणत्याही मोर्चाने थांबत नाही. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाज आगेरा साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. पुष्कळ उपनगरांत आता या लोंब्या बाहेरगावाहून आणाव्या लागतात. शेत गेल्यावर सण किती दिवस टिकेल, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पूर्व उपनगरांत मिठागरांचा प्रश्न आहे. भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेणाऱ्या या सखल जमिनींपैकी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासाच्या घरांसाठी हस्तांतरित करण्यास २०२४ मध्ये मंजुरी देण्यात आली. गरिबाला घर मिळालेच पाहिजे. पण ते पाणी भरणाऱ्या जागी का, असे विचारण्याचा त्यालाही हक्क आहे.

कचऱ्याविषयी एक समाधानाची गोष्ट आहे. बोरिवलीत गोराई खाडीच्या काठी १९७२ पासून सुमारे २० हेक्टर जागेत कचरा टाकला जात होता. रहिवाशांच्या दीर्घ तक्रारींनंतर २००७ मध्ये ही कचराभूमी बंद झाली. ढीग सपाट करून त्यावर अभेद्य आच्छादन घालण्यात आले, आतील वायू नळ्यांवाटे बाहेर काढण्याची सोय झाली आणि वर हिरवळ लावली गेली. प्रश्न सुटला असे मात्र म्हणता येत नाही, कारण कचरा थांबला नाही, फक्त दुसरीकडे वळला. बेटाला ‘बाहेर’ नसते. एका टोकाचा कचरा उचलला, की तो दुसऱ्या टोकाच्या शेजाऱ्याच्या दारात जातो.

दूरच्या बेटांचा आवाज

तुवालूची लोकसंख्या सुमारे ११ हजार, भूमी २६ चौरस किलोमीटर. चढत्या समुद्रामुळे या राष्ट्राने ऑस्ट्रेलियाशी करार केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यावर सह्या झाल्या आणि ऑगस्ट २०२४ पासून तो अमलात आला. त्यानुसार दर वर्षी २८० तुवालूवासीयांना तेथे जाऊन राहता येते. ज्यांनी हवेत धूर सोडला नाही, त्यांच्यावरच घर सोडण्याची पाळी यावी हा अन्याय आहे. त्या अन्यायाविरुद्ध २०१९ मध्ये वानुआतू येथील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मोहीम सुरू केली, वानुआतू सरकारने ती उचलून धरली आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे असे मत दिले. वर्गात बसलेल्या मूठभर मुलांची ही सुरुवात होती, हे आपल्या तरुणांनी विसरू नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकाद्वारे पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर मानले आणि गरिबांचे दुःख व धरतीचे दुःख वेगळे काढता येत नाही हे सांगितले. त्याच वर्षी टोंगा या बेटराष्ट्राच्या बिशपांना त्यांनी कार्डिनलपद दिले. जगाच्या कडेला राहणाऱ्यांचे म्हणणे मध्यभागी ऐकू यावे, अशी त्यामागील भावना असावी असे आम्हांस वाटते.

आपल्या हाती काय आहे?

मोठे निर्णय शासन घेते. तथापि पॅरिश, गृहसंकुल आणि गावठाण यांच्या पातळीवर करण्यासारखे पुष्कळ आहे. चर्चच्या व शाळेच्या छपरावरील पावसाचे पाणी आवारातील विहिरीत सोडता येते. जुन्या विहिरी बुजविण्याऐवजी गाळ काढून झाकून ठेवता येतात व वर्षातून दोनदा त्यांच्या पाण्याचा खारेपणा तपासून नोंदवही ठेवता येते. बाजारात बोटभर लांबीचे पापलेट दिसले तर ते न घेण्याचे आपण ठरवू शकतो. ओला कचरा आवारातच जिरविता येतो. किनारी आराखड्यांवर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा मुदतीत लेखी उत्तर देता येते. आणि गोराई-मनोरीच्या ग्रामस्थांनी आपल्या खाडीचा एखादा कोपरा राखण्याचे ठरविले, तर उपनगरांतील आपण सर्वांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, सहलीला जाताना त्यांच्या किनाऱ्यावर कचरा टाकून येऊ नये.

मानवाला ही सृष्टी मालकीने नव्हे, तर मशागतीसाठी आणि राखणीसाठी मिळाली, अशी आपली श्रद्धा आहे. बेटावर राहणाऱ्याला या श्रद्धेचा अर्थ लवकर कळतो, कारण त्याला जमिनीची कड रोज दिसते. आपली कड इमारतींनी झाकली आहे. ओहोटीच्या वेळी एकदा गोराईच्या तरीत बसून पलीकडे जावे, आणि पाणी ओसरताना उघड्या पडलेल्या तिवराच्या मुळांकडे पाहावे, अशी विनंती वाचकांस करून आम्ही हा लेख पुरा करतो.